बेलला लागलेली नजर

बसा, चहा घ्या, पण घोट तोंडात असताना हसू नका, ठसका लागेल. माझी फजिती मीच सांगून टाकते. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा ते बरं.

आमच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे अक्का, सांगलीला राहतात. आम्ही तासगावात. दिवाळीनंतर त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. मी पहिला घास घेतला आणि बेल वाजली. बेल वाजली की माणूस उठतो की नाही? अक्का उठल्याच नाहीत! त्यांच्या भिंतीवर एक पडदा लावलेला, त्यात दूधवाल्याचं तोंड दिसलं. अक्कांनी हात लांब करून बटण दाबलं, "गेटवरच ठेवा वो," म्हणाल्या, आणि मला विचारलं, "आमटी वाढू का गं?"

आमटी कसली वाढताय! माझ्या पोटात जाळ झाला होता. खोटं कशाला बोलू? त्यांच्याकडे मोठा फ्रीज आला, मी गप्प बसले. सोफा आला, तरी गप्प बसले. पण दूधवाला थेट भिंतीवर? हे काही मला सोसवेना.

परतीच्या एसटीत मी आमच्या ह्यांना सांगून टाकलं, "आवं, आपल्याला बी तसलं पायजे. त्यांच्यापेक्षा मोठं."

"अगं, आपलं दार तर दिवसभर उघडंच असतंय."

"मग बंद करू!"

हे फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झालेत. कुठल्या लढाईत उतरायचं नाही, ते त्यांना बरोबर कळतं.

आलं मशीन! पडदा केवढा म्हणता? जेवायच्या ताटाएवढा! फिटिंगवाल्यानं कॅमेऱ्याची डबी बाहेर गेटच्या खांबावर बसवली आणि पडदा आत हॉलमध्ये. चित्र इतकं स्वच्छ, की समोरच्या चिंचेची पानं मोजून घ्यावीत. तो गेल्यावर मी नव्या वस्तूची पूजा केली, नारळ फोडला, आणि हात धुवायच्या आधी अक्कांना फोन लावला.

"अक्का, आमच्याकडं बी बसवलं बरं का! तुमच्यापेक्षा जरा मोठं हाय. उद्या जेवायलाच या की बघायला."

"हं," अक्का म्हणाल्या. "येते."

ऐकलंत? 'हं'! नुसतं 'हं'! त्या एवढ्याशा 'हं'मध्ये मला काय काय ऐकू आलं म्हणून सांगू! जळल्या, म्हटलं. अगदी करपल्या! इतकं बरं वाटलं, की त्या रात्री मी घोरले म्हणे.

सकाळी पुरण शिजत ठेवलं आणि सहज मशीनचं बटण दाबलं. पडदा काळाकुट्ट!

ह्यांना हाक मारली. हे फौजेत वायरलेसवर होते, त्यामुळे त्यांना तर सणच. स्क्रू ड्रायव्हर घेऊन निघाले तशी मी ओरडले, "आवं, भायेरच्या डबीला हात लावू नका, पूजा केलीया!"

"डबीचा काय संबंध? फॉल्ट आत हाय," म्हणत त्यांनी पडदा भिंतीवरून उतरवला, वायरी ओढल्या, फुंकल्या, परत खुपसल्या, पडदा जागेवर टांगला आणि गेटवर पळाले. बेल वाजली.

"हॅलो, हॅलो, सुनंदा! मी दिसतोय का? ओव्हर!"

"आवाज येतोय, तुमी न्हाई! ओव्हर!"

परत आत. लाल वायर पिवळीच्या जागी, पिवळी लालच्या जागी, मग पुन्हा होत्या तशाच. परत गेटवर.

"आता? ओव्हर!"

"न्हाई वो! ओव्हर!"

गल्लीतली माणसं विचारायला लागली, "सुभेदार, आज परेड हाय काय?"

तेवढ्यात अक्कांचा फोन. "कवठेएकंद मागं गेलं बघ. आलेच."

कवठेएकंद गेलं म्हणजे तासगाव आलंच की! मोठा पडदा म्हणून मिरवायला बोलावलं, आणि दाखवायचं काय? काळी पाटी? "आवं, जावा की! त्या फिटिंगवाल्याला उचलून आणा!" मी रडकुंडीला आले. हे बिचारे स्कूटरला किक मारून गेले.

आता घरात मी एकटी. पडद्याखालची सगळी बटणं एकेक करून दाबली. कुठलासा लाल दिवा लागला, पण चित्र काही येईना. पडदा काळा म्हणजे मशीन बंद, नाही का? टीव्ही काळा म्हणजे टीव्ही बंद. एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं!

आणि मग डोक्यात उजेड पडला. तो 'हं'! काल चित्र होतं, अक्कांनी 'हं' केलं, आज चित्र नाही. नजर लागली, दुसरं काय!

धावत स्वयंपाकघरात गेले. मुठीत मीठ, मोहरी, मिरच्या घेतल्या आणि पडद्यावरून ओवाळायला लागले.

"आल्यागेल्याची, पाप्याची, चांडाळाची, कुणाची नजर लागली असंल ती जळून जाऊ दे!"

एवढ्यावर थांबावं की नाही? पण घरात कुणी नाही म्हटल्यावर जिभेला काय लगाम!

"आनि सांगलीच्या अक्काची लागली असंल, तर ती आधी जळू दे! लय टक लावून असतीया माझ्या संसारावर! दुसऱ्याचं चांगलं बघवतच न्हाई तिला!"

भिंत खोकली.

माझी मूठ हवेतच राहिली.

"सुनंदे," भिंत म्हणाली, "माझी नजर कशी लागंल गं? मी तर अजून बघितलंच न्हाई."

अक्का! गेटवर! बेल दाबायला बोट उचललेलं, तेवढ्यात खांबातून स्वतःचं नाव ऐकू आलं म्हणून थांबल्या होत्या. चित्र नव्हतं, पण आवाज चालू होता. तो लाल दिवा बोलायच्या बटणाचाच होता, आणि तो लावला होता मीच!

"आनि ह्या डबीला मळवट कुणी भरलाय?"

कुणी म्हणजे? मी! पूजेच्या वेळी डबीच्या मधोमध एक गोल, चकचकीत जागा दिसली. हेच कपाळ, असं समजून मी अंगठ्यानं हळद आणि वर ओलं कुंकू चांगलं दाबून लावलं होतं. कॅमेऱ्याचा डोळाच लिंपून टाकला होता!

पदरानं खसाखसा पुसल्याचा आवाज आला. पडदा लाल झाला, पिवळा झाला, आणि ताटाएवढ्या चित्रात अक्का उगवल्या. आधी नुसतं नाक, मग सगळा चेहरा, घामानं डबडबलेला. हातात फुलांचा हार. आमच्या नव्या बेलला घालायला सांगलीहून आणलेला!

त्या 'हं'मध्ये काहीसुद्धा नव्हतं हो. जळत होती ती एकटी मी.

मी तोंडावर पदर घेतला आणि पुटपुटले, "अगं बाई, आता अक्कांना तोंड कसं दाखवू?"

तेही गेलं बाहेर!

"तोंड ऱ्हाऊ दे गं," पडद्यातल्या अक्का म्हणाल्या, "बाकी समदं दिसलं मला. दार उघड."