सुट्टीच्या दिवशीचा पेशंट

उंची मध्यम, बांधा मध्यम. हुद्दा: सीटी स्कॅन तंत्रज्ञ. वैवाहिक स्थिती: विवाहित, तक्रार नाही. वर्तन: शांत, कोणत्याही प्रसंगी विचलित न होणारे.

बाईंचं काम काचेच्या अलीकडे. पलीकडे पेशंट, त्याच्या यकृतात गाठ आणि त्या गाठीत सुई नेणारे डॉक्टर. सुईचं टोक तापतं, गाठ जागच्या जागी शिजून मरते. पण श्वासागणिक यकृत वरखाली सरकतं, म्हणून प्रत्येक फोटोला पेशंटनं तेवढाच श्वास घेऊन धरायचा. हे बाई माईकवरून सांगतात. आवाज असा, की भेटायला आलेल्या नातेवाइकांनीही श्वास धरावा.

त्या दिवशी बाईंची सुट्टी होती. नवरा कामानिमित्त परगावी. इकडे सहकाऱ्याला मशीनसमोरच भोवळ आली. बाई राहायला हॉस्पिटलच्या मागेच, त्यामुळे फोन येताच तशाच धावत आल्या. सुई अर्धी आत गेली होती. नावगाव तपासणं आधीच उरकलेलं. चादरीखालचा पेशंट चादरीखालच्या कुठल्याही पेशंटसारखाच दिसत होता.

"श्वास घ्या... धरा."

स्पीकरमधून उत्तर आलं, "अगं, तू? आज तुझी सुट्टी ना?"

पडद्यावर सुई हलली. टोकाच्या जरा वरच फुप्फुस. आवाज नवऱ्याचा होता. सकाळी त्यांनीच त्याच्या बॅगेत इस्त्रीचे शर्ट भरले होते.

"ताई, तुम्हाला सांगायचं नाही अशी त्यांनीच शपथ घातली होती," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्या कुणाला बोलावू?"

"कुणाला? दुसरी म्हणून बोलावलेली ती मीच."

"तुला सांगणारच होतो गं..."

"पेशंटनं बोलायचं नाही! सुई आत आहे. बोलायला जन्म पडलाय."

हे वाक्य खरं करण्याची जबाबदारी आता त्या सुईवर होती.

"श्वास घ्या. धरा."

त्यानं धरला. सुई जागेवर बसली आणि तापू लागली. गाठीभोवती करडं वर्तुळ पसरत गेलं, पण एका कडेनं गाठ अजून बाहेर डोकावत होती. डॉक्टरांनी सुई किंचित सरकवली. पुन्हा श्वास, पुन्हा फोटो. एकदा तर बाई "सोडा" म्हणायलाच विसरल्या आणि नवरा आज्ञाधारकपणे लालबुंद होत गेला. संसारात पहिल्यांदाच त्यानं इतकं ऐकलं असेल. शेवटी डॉक्टरच ओरडले, "अहो, सोडा!"

अखेरच्या फोटोत गाठ सगळीच्या सगळी वर्तुळात आली होती.

डॉक्टरांनी काचेकडे पाहून अंगठा दाखवला. खुर्ची रिकामी होती. बाई जमिनीवर बसल्या होत्या, आणि त्यांना उठवायला दोन माणसं लागली.