रईसचा डावा कान

पहिलीच्या वर्गात मूल घालायला आलेला बाप एकच वाक्य बोलतो, आणि एकोणीस वर्षं मी ते ऐकत आलेय. "बाई, हाडं आमची, मास तुमचं." म्हणजे काय, तर हाड तेवढं मोडू नका, बाकी हवं तसं झोडा. मराठा-वंजाऱ्यांच्या घरातला बाप हे मराठीत म्हणतो, मुसलमानाच्या घरातला "हड्डी हमारी, गोश्त तुम्हारा" म्हणतो, एवढाच काय तो फरक. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. ती बोलायची रीत आहे. नाही म्हटलं तर बाईंना वाटेल, याला पोराच्या शिक्षणाची काळजीच नाही. मी एकदा वैतागून विचारलंही होतं, "मी काय मटणाचं दुकान काढलंय का?" तो बाप हसला आणि जाताना परत तेच म्हणून गेला.

माजलगाव तालुक्यातल्या ज्या गावात मी शिकवते त्याचं नाव लिहीत नाही. गाव लहान आहे आणि ही माणसं अजून तिथंच राहतात. बाजाराला आम्ही सगळे दिंद्रुडला जातो. तिथं मशिदीकडच्या रस्त्याला अजमतबी फळं विकते. बाजार नसेल त्या दिवशी तिची टोपली आमच्या शाळेच्या फाटकाशी असते. साठीला आलेली, अंगानं काडी, पण आवाज खणखणीत. गिऱ्हाइकानं पेरू दाबून बघितला की ती त्याचा हात धरते. "दाबू नगा, काका. आत्ता दिसत न्हाई, घरी गेल्यावर डाग पडतो."

तिचा नवरा चाँदमियाँ सायकली दुरुस्त करायचा. तो गेला तेव्हा मुलगा रईस अकरा वर्षांचा होता. तेव्हापासून तिनं टोपली डोक्यावर घेतली ती घेतलीच. आज रईसचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे, घरात सून आहे, सहा वर्षांचा नातू आहे. "आता बस की घरात," असं सून तरन्नुम म्हणते. अजमतबी म्हणते, "बसले की गुडघे धरतात."

रईस डाव्या कानानं बहिरा. गावातल्या सगळ्यांना माहीत आहे, त्याच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला जायचं. तिसरीत असताना त्याला टायफॉईड झाला आणि त्या तापात कान गेला, हेही सगळ्यांना माहीत आहे. खुद्द रईसच सांगतो.

जूनमध्ये हा रईस आतिफला माझ्या वर्गात घेऊन आला. नवा गणवेश, तेल लावून चापून बसवलेले केस. रईसनं हात जोडले आणि म्हणाला, "हड्डी हमारी, गोश्त तुम्हारा." मी नेहमीप्रमाणे चिडले. फाटकाशी अजमतबी पेरू तोलत होती, तिचे हात थांबले. मला वाटलं, वजन विसरली असेल.

आतिफ वीतभर आणि उचापती हातभर. मेकॅनिकचं पोर, त्याला बंद असलेली कुठलीही गोष्ट बघवत नाही. माझ्या पर्सची चेन, पाण्याच्या टाकीचा नळ, कपाटाची कडी, सगळं उघडून झालं. मग त्यानं माझ्या स्कूटीच्या मागच्या चाकाचा वॉल काढून हवा सोडली. एकदा नाही, तीन दिवस ओळीनं. तिसऱ्या दिवशी मी ऊन डोक्यावर घेऊन गाडी ढकलत गॅरेजपर्यंत गेले आणि रईसला म्हणाले, "मुलाकडं जरा बघा हो."

एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी आतिफच्या मांडीवर फॅनबेल्टचा वळ होता. बेल्टच्या खाचासुद्धा उमटल्या होत्या. तो चड्डी खाली ओढून ओढून ते झाकत होता, आणि दिवसभर त्यानं कशालाही हात लावला नाही. बाकीच्या बाई म्हणाल्या, "बघा, कसा सुतासारखा सरळ आला." संताप झाला माझा. शाळा सुटल्यावर रईस स्वतः आला, शाबासकी घ्यायला आल्यासारखा. "बाई, परत काही केलं तर माझ्याकडं येऊ नका. हितंच वाजवा कानाखाली. मी लई मार खाल्ला, म्हनून तर आज गॅरेजचा मालक हाय."

मी त्याला कायदा सांगितला. शाळेत मुलाला हात लावला तर माझी नोकरी जाते, हेही सांगितलं. तो म्हणाला, "आमी कुठं तक्रार करनार हाय?" आता याला काय म्हणावं? पालथ्या घड्यावर पाणी.

आणि मी तरी कुठल्या तोंडानं बोलणार होते! चार वर्षांपूर्वी मी तेजश्री नावाच्या मुलीला एक थप्पड मारली होती. शाळा सुटल्यावर ती रस्त्यावर धावली, समोरून उसाची ट्रॉली येत होती. मी तिला खेचलं आणि मारलं. तिचा आजा मला हात जोडून गेला, बरं केलं म्हणाला. मलाही कितीतरी दिवस वाटत होतं की ती एक थप्पड योग्यच होती. पण तेजश्री रस्त्याला घाबरायला शिकली नाही, मला घाबरायला शिकली. मी दिसले की रस्ता ओलांडून पलीकडं पळायची, आणि ओलांडताना माझ्याकडं बघायची, ट्रॉलीकडं नाही. खेचलं होतं तेवढंच पुरे होतं. मारलं ते माझी भीती मला आवरली नाही म्हणून.

वळ दिसला त्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत अजमतबी वर्गाच्या दारात आली. आत ये म्हटलं तर येईना. चप्पल काढून उंबऱ्याशी बसली.

"बाई, आतिफचं काही असलं तर रईसला सांगू नका. मला सांगा."

"तुम्ही तुमच्या लेकाला का नाही सांगत, मारू नको म्हणून?"

"आपलेच दात आन आपलेच ओठ. काय सांगू?" मग तिनं मागं कुणी नाही ना, बघून घेतलं. "त्याचा कान तापानं न्हाई गेला, बाई."

तेव्हा हे लोक दुसऱ्या गावात राहायचे. रईस आठ वर्षांचा. अजमतबी त्याला स्वतः शाळेत घेऊन गेली होती आणि मास्तरांना स्वतःच्या तोंडानं म्हणाली होती, हड्डी हमारी, गोश्त तुम्हारा. एक दिवस पाढा चुकला. मास्तरांनी डाव्या कानाखाली ठेवून दिली. रात्री कानातून पाणी आलं, मग रक्त. दोन दिवसांनी ताप भरला. ताप खरा होता, फक्त तो नंतर आला होता. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय, फार उशीर केलात. पोरगं शुद्धीवर आलं तेव्हा त्याला काही आठवत नव्हतं. त्यानं विचारलं, कान कावून वाजतोय? आईनं सांगितलं, ताप आलता.

"मी घाबरले, बाई. खरं सांगितलं तर शाळा सोडल. आन त्याचा बाप मास्तरच्या अंगावर जाईल. म्हनून म्हन्लं, ताप."

"बरं, तेव्हा ठीक. सव्वीस वर्षं?"

"मग सांगायला तोंडच न्हाई ऱ्हाईलं."

मला तिची कीव आली आणि तितकाच रागही आला. तो माणूस मारानं माणूस झालो म्हणत पोराला बेल्टनं फोडतोय, आणि त्या मारानं त्याचं काय गेलं हे ही बाई उशाखाली ठेवून बसलीय! मी तसं बोललेही. आवाज चढला होता माझा. ती म्हणाली, "सांगितलं तर मी त्याची आई कुठली ऱ्हाईल?" टोपली उचलली आणि निघून गेली.

दसरा झाला. साखर कारखाने सुरू व्हायच्या आधी ट्रॅक्टरची कामं काढतात, रईसच्या गॅरेजपुढं पाच-सहा उभे होते. मी स्कूटीचा ब्रेक दाखवायला गेले. राधाकिशन पाटलांच्या ट्रॅक्टरचं इंजिन खोललेलं होतं आणि पाटील स्टुलावर बसून घाई करत होते. रईसची एक पद्धत आहे. खोललेला प्रत्येक नट, प्रत्येक बोल्ट तो पोत्यावर ओळीनं मांडतो, निघाला त्याच क्रमानं. कुठला कुठं बसवायचा हे त्याला त्या ओळीवरूनच कळतं. सकाळपासूनची मांडणी होती. तो पाना आणायला आत गेला, आणि आतिफ पोत्यापाशी बसला.

मी बघितलं तेव्हा काम झालं होतं. लहान सगळे एका ढिगात, मोठे सगळे दुसऱ्या. आतिफचा चेहरा नुसता फुललेला. "बाई, बघा! लहान येगळे, मोठे येगळे!"

तो पाठ मीच शिकवला होता त्या आठवड्यात. लहान-मोठे गट करा. खडे घ्या, बिया घ्या, घरात मिळेल ते घ्या, असं मीच म्हणाले होते.

रईस बाहेर आला. पोत्याकडं बघितलं. त्यानं आतिफला दंडाला धरून उभं केलं आणि हात वर नेला. पंजा उघडा, कानाच्या रेषेत. पाटील म्हणाले, "दे ठिवून एक, बे. आमी काय कमी खाल्ला का?" मी ओरडले, माझंच चुकलं, मीच सांगितलं होतं. कोण ऐकतंय!

अजमतबी डबा घेऊन आली होती. डबा खाली टाकून ती मधे घुसली. रईसच्या डाव्या बाजूनं काहीतरी बोलली, ते त्याला ऐकूच गेलं नाही. तिच्याही ते लक्षात आलं. ती वळसा घालून उजव्या बाजूला आली, त्याचा वर गेलेला हात दोन्ही हातांनी धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बुखार से नै गया रे तेरा कान. मास्तर ने मारा था. मैं झूट बोली."

रईसचा हात तसाच राहिला. मग हळूच खाली आला. त्यानं रागानं नाही, अगदी साधं विचारलं, "फिर तू मास्तर कू क्या बोली?"

इथं ती खोटं बोलू शकली असती. भांडले, शिव्या दिल्या, काहीही सांगता आलं असतं. मला उंबऱ्यात बसून जे सांगितलं त्यातही हे नव्हतं.

"कुछ नै बोली. कान बहता था, तो भी दूसरे दिन सीताफल ले के गई. अच्छे अच्छे चुन के. बोली, गुस्सा मत करो, लडका सुधर जाएगा."

पाटील उठले आणि ट्रॅक्टरच्या पलीकडं जाऊन उभे राहिले. रईस खाली बसला. दोन्ही ढीग त्यानं स्वतःकडं ओढले आणि एकेक नट उचलून, डोळ्यांपुढं धरून, परत ओळीत मांडायला लागला. आतिफ बाजूला उभा होता, त्याला बोटही लागलं नाही. डबा मात्र रईसनं तसाच परत पाठवला.

याला आता पाच महिने झाले. रईस आईशी एक शब्द बोललेला नाही. ती चुलीपाशी असेल तर तो ओसरीत जेवतो. काही सांगायचं असलं तर आतिफकडून निरोप. दादीला सांग, किल्ली कुठंय. दादीला सांग, डॉक्टरकडं जायचंय. त्या मास्तरवर राग नाही, स्वतःच्या बेल्टवर नाही, आईवर! माझं डोकं फिरतं. परवा बाजारात मी तिला म्हणाले, "पुरे झालं हे. मी बोलते रईसशी, चांगलं खडसावून बोलते."

अजमतबी पेरूंवर पाणी शिंपडत होती. "नगा, बाई. त्याचा राग लई मोठा हाय, तो कुठं तरी निघनारच. माझ्यावर निघतोय तवर निघू द्या. त्या दिवसापासून लेकरावर हात न्हाई उचलला त्यानं."