घरी कोण बसलंय?

भोईर सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात वर्षाचा शेवटचा तास घेत होते. वर्गही तोच, जिथे सरांनी मला अर्थशास्त्र शिकवलं. खडू खाली ठेवला आणि तास तिथेच थांबवला.

एखाद्या देशाशी इतरांनी व्यापार तोडला की काय होतं, या आर्थिक निर्बंधांच्या अभ्यासात सरांनी उमेदीची वर्षं घातली. चामटोलीच्या शेतकरी घरातला हा माणूस परदेशी परिषदेत निबंध वाचून यायचा आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला हजर. मी शिकत होते तेव्हा त्यांचं मोठं पुस्तक छपाईला गेलं होतं. त्यातला मुख्य मुद्दा त्यांनी वर्गात सांगितला: निर्बंधांची झळ त्या देशाला बसते, इथल्या छोट्या गावांपर्यंत ती पोचत नाही. मी तोंडाची फटकळ, अजूनही आहे. उठून म्हणाले, "सर, माझे बाबा चार महिने घरी बसलेत."

आता हाकलतील असं वाटलं. त्यांनी फक्त पत्ता विचारला. रविवारी बदलापूरला आमच्या दोन खोल्यांत वही घेऊन हजर. बाबा अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात पॅकिंगला होते आणि त्यांचा माल नेमका निर्बंध आलेल्या देशात जायचा. ते संकोचून म्हणाले, "माल पॅक होऊन पडला ना, सर. तिकडचं पेमेंट बँकच घेत नाय, शेठ बोलला. मग आम्हाला बसवलं. पण तुमच्या पुस्तकात आमचं काय काम?"

"तेच तर चुकलंय माझं," सर म्हणाले, आणि चहा गार होईपर्यंत लिहीत राहिले.

सोमवारी त्यांनी पुस्तक परत मागवलं. लोकांनी वेड्यात काढलं, विभागप्रमुखपद हुकलं. सर मात्र कितीतरी वर्षं कारखान्यांच्या गेटवर माणसांना विचारत फिरले आणि पुस्तक मुळापासून पुन्हा लिहिलं. एवढा विद्वान माणूस एका पोरीच्या वाक्यावर आपलं काम मोडतो, याची तेव्हा मला भीती वाटली होती. आज नुसतं थक्क व्हायला होतं.

तेव्हापासून दर वर्षी पहिल्या तासाला ते विचारत, "यंदा कोणाच्या घरी कोण बसलंय?" आणि हात वर होईपर्यंत थांबत.

परवा नवा वर्ग आला. मी तेच विचारलं. बराच वेळ कोणी हललं नाही... हे सरांनाच जमायचं, असं वाटू लागलं. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"मॅडम, माझी आई."

मी वही उघडली आणि तिला पत्ता विचारला.