मठाच्या भिंतीबाहेर

समुद्रकाठच्या कॅरिगबान गावात किल्ला बघायला आलेले पाहुणे आधी एथना मॅकार्डलच्या दारावर थाप मारत. किल्ल्याच्या बुरुजाची आणि जुन्या मठाच्या फाटकाची किल्ली तिच्याकडे असे. बुरूज नॉर्मन सरदाराचा, मठ त्याच्या नातवाच्या वेळचा, असं ती चालता चालता सांगायची. मठाच्या मागे मात्र ती कोणाला नेत नसे. तिथलं गवत मी कापायचो, म्हणून मला कारण ठाऊक होतं.

तिथे भिंतीबाहेर, समुद्राच्या अंगाला, बाप्तिस्म्याआधी गेलेली मुलं पुरलेली होती. पाद्री त्यांना दफनभूमीत घेत नसत. एथनाची मुलगी जन्मतानाच गेली. एथना अंथरुणाला खिळलेली, म्हणून तिचा नवरा फेलिम एकटाच तिला साबणाच्या लाकडी खोक्यात घालून घेऊन गेला. खुणेला त्याने पांढरा गोटा ठेवला. पुढे त्यांना मूल झालं नाही. फेलिमही वारला.

मग एका हिवाळ्यात समुद्र काठ कुरतडू लागला. काठाची कड गोट्यापासून सात पावलांवर आली. एथनाने पुरातत्त्व कचेरीला चार पत्रं पाठवली, तेव्हा कुठे एक तरुण अधिकारी आला.

"संरक्षित भाग भिंतीपर्यंतच आहे, बाई. बाहेर आम्हाला काही करता येत नाही."

"मग मला उकरू द्या. मी नेते तिला."

"परवाना लागेल. सहा महिने तरी जातील."

"समुद्राला नाही लागत तो?"

त्याने परवान्याचा कोरा अर्ज तिच्या हाती दिला. माणूस वाईट नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून एथना ढकलगाडीतून धोंडे आणून काठाशी रचू लागली. वय बहात्तर. हातांची सालटी निघाली. मीही मदतीला लागलो.

"समुद्र हसत असेल आपल्याला," मी म्हणालो.

"हसू दे. तेवढा वेळ तरी खाणार नाही."

भरती यायची आणि धोंडे ओढून न्यायची.

फेब्रुवारीत तीन दिवस वादळ झालं. तिसऱ्या सकाळी कड गोट्याला भिडली होती. एथना फावडं घेऊन आली.

"पकडतील तुला," मी म्हणालो.

"पकडू देत. तू खणतोस की बघत उभा राहतोस?"

पावसात आम्ही दुपारपर्यंत खणलं. खोकं नव्हतं, हाड नव्हतं. काळ्या मातीत गंजलेले चार खिळे मिळाले.

"तिच्याच खोक्याचे ना रे हे?"

तिथे चाळीसेक मुलं होती, आणि इतक्या वर्षांत गोटा हललाही असेल. मी म्हणालो, "तिच्याच."

संध्याकाळी सगळा काठच कोसळला. आवाज ऐकून गावातल्या तीन म्हाताऱ्या खाली आल्या आणि एथनाशेजारी उभ्या राहिल्या.

"तुझंही होतं, मॉइरा?" एथनाने विचारलं.

"दोन होती," मॉइरा म्हणाली.

चाळीस वर्षं त्या एकमेकींच्या शेजारी राहत होत्या.

एथनाने ते खिळे फेलिमच्या थडग्यात पुरले. किल्ली तिने मला आणून दिली आणि परत कधी मठाकडे फिरकली नाही.