पानी सोडा जी

उमेंद्र नागझिऱ्याच्या जंगलात गाईड होता, आणि पर्यटकांना वाघ दाखवायचं सोडून जिप्सीत डुलक्या घेतो अशी त्याची ख्याती चोरखमाऱ्याच्या गेटपर्यंत पोचली होती. एकदा तर मागच्या सीटवरच्या बाईंनी खांद्याला हात लावून त्यालाच जागं केलं आणि अस्वल दाखवलं. लोक हसले, तोही हसला. नोकरी जायची वेळ येते तेव्हा हसण्यावारी नेणं बरं असतं.

झोप जात होती ती गाण्यांपायी. चंदा आणि पोरगी झोपली, गल्लीतली कुत्री भुंकून दमली, की हा गडी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जुना लॅपटॉप उघडायचा, कानांवर हेडफोन चढवायचा आणि ठेक्यावर ठेका रचत बसायचा. आजूबाजूच्या गावांत लग्नाला, मंडईच्या जत्रेला डीजेवर जे काही धडधडायचं, त्यातलं निम्मं त्या कोपऱ्यात शिजलेलं असायचं. रात थोडी आणि सोंगं फार. पहाटे गाडीची वेळ व्हायची तेव्हा डोळ्यांत मिरची गेल्यासारखा तो लालबुंद होऊन निघायचा.

"कायले जीव जाळून राह्यले जी?" चंदा म्हणायची. "एक दिवस झोपीत काहीतरी करून बसान."

ती बिचारी गाडीखाली वगैरे येण्याबद्दल बोलत होती.

उमेंद्रला एकच हौस होती. सगळे तीच ती हिंदी गाणी घेऊन त्यांना ढोल लावतात. आपण आपल्या गावचा आवाज लावायचा. म्हणून रोवण्याच्या दिवसांत त्यानं एक युक्ती केली. त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, बाया रोवायला उतरल्या तेव्हा कडेच्या धुऱ्यावर, टोपलीच्या आडोशाला, फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवला. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की बाया लाजतात आणि गळा आखडतो, असं त्याचं म्हणणं. म्हणणं खोटं नव्हतं, पण सोयीचं होतं.

त्या बायांमध्ये सुभद्राबाई होती, त्याची शेजारीण. भिंतीला भिंत लागून घर. तिचा नवरा पुनाराम त्याआधीच्या हिवाळ्यात तापानं गेला होता. पुनारामच्या पूर्वजांनी बांधलेल्या तलावाचं पाणी सोडायचं काम त्याच्याकडे होतं. कोणाच्या बांधीला किती वेळ, कोणाचा पाट कधी उघडायचा, सगळं त्याच्या डोक्यात. रोवण्याच्या दिवसांत सगळ्या गावातून एकच हाक यायची, पानी सोडा जी, आणि तो शिव्या देत, हसत, फावडं खांद्यावर टाकून निघायचा.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या भागात बाया ज्या चालीत रोवण्याची गाणी म्हणतात, जवळपास त्याच चालीत माणूस गेल्यावर रडतात. शब्द निराळे, ओढ तीच. लांबून ऐकणाऱ्याला कधी कधी उमगत नाही की तिकडे काम चाललंय की कोणी गेलंय. पण ते लांबून ऐकणाऱ्याचं झालं. कानाला हेडफोन लावून तोच तुकडा शंभरदा ऐकणाऱ्याचं नव्हे.

दुपारी बाकीच्या बाया मोहाच्या झाडाखाली भाकरी खायला गेल्या आणि सुभद्राबाई एकटीच धुऱ्यापाशी मागे राहिली. फोन चालूच होता. रात्री उमेंद्रनं ते उघडलं तेव्हा दोन रात्रींची झोप थकलेली होती. भिंत हलल्यासारखी दिसत होती. बायांच्या घोळक्यातली गाणी त्याला फिकी वाटली. मग शेवटी तो एकटा आवाज आला. "पानी सोडा जी, पानी सोडा... बांधी माही सुकली जी..."

त्याच्या अंगावर काटा आला. हाच तो तुकडा, असं त्याला वाटलं. दोन ओळींच्या मधे आवाज फाटत होता, नाक ओढल्याचा आवाज होता, एके ठिकाणी तर श्वासच अडकत होता. काकीला सर्दी झाली असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. झोप नसलेला माणूस स्वतःला काहीही सांगू शकतो आणि लगेच पटवूनही घेऊ शकतो. त्यानं ते अडकलेले श्वास एकेक करून कापून काढले, आवाज थोडा चढवला, खाली जोरकस ठेका भरला. पहाटेपर्यंत गाणं तयार. त्या दिवशी जंगलात पावसाळी गस्तीला तो एकदाही पेंगला नाही.

गाण्यानं कहर केला. दिवाळीनंतरच्या मंडईत डीजेवाल्या हिमांशूनं ते वाजवलं आणि पोरं धूळ उडेपर्यंत नाचली. "पानी सोडा" म्हणताच कोणी बाटलीतलं पाणी उडवायचं, कोणी हात वर करायचे. गाणं एका फोनवरून दुसऱ्या फोनवर करत देवरीच्या पलीकडे छत्तीसगडपर्यंत गेलं. आवाज कोणाचा, हे कोणी विचारलं नाही. उमेंद्रची पाठ थोपटली गेली. सुभद्राबाई वर्षाच्या दुःखात होती, मंडईला आली नव्हती. तिच्या कानी ते पडलं नाही याचं उमेंद्रला आधी काही वाटलं नाही. मग बरं वाटलं. बरं का वाटलं, हे कळलं तेव्हा त्याचं तोंड कडू झालं. चोराच्या मनात चांदणं.

उन्हाळ्यात सुभद्राबाईच्या पोरीचं, आचलचं लग्न ठरलं. ती स्वतः सांगायला आली.

"डीजेचा तूच पाहाजो गा उमेंद्र. तुह्या काकाले बाजाचा लय शौक होता. पोरीचा लगन मुका नको व्हायले."

उमेंद्रनं मान हलवली. त्यानंतर तो गाण्यांशिवायच जागा राहू लागला. तिला तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. घर हाकेच्या अंतरावर होतं. पण कळतं पण वळत नाही, अशी त्याची गत. सांगण्याऐवजी तो हिमांशूकडे गेला.

"त्या लग्नात माहा पानीवाला गाना नाही लावायचा."

"काऊन भाऊ? वही तो चलता है."

"नाही म्हनलं ना."

कारण सांगितलं असतं तर हिमांशूनं डोक्यावर घेऊन पाळलं असतं. पण कारण सांगायचं म्हणजे आपण काय केलं ते सांगायचं. उमेंद्रनं लग्नाच्या दिवशी हिमांशूच्या पेनड्राईव्हमधून गाणं पुसलं आणि स्वतः मशीनजवळ ठाण मांडून बसला. दुपारी वरात आली. नवरदेवाकडच्या पोरांनी दोन गाणी ऐकली, तोंडं वाकडी केली, आणि एकानं सरळ आपला फोन मशीनला जोडला. उमेंद्र हात पुढे करेपर्यंत ठेका सुरू झाला होता.

"पानी सोडा जी, पानी सोडा..."

सुभद्राबाई ओवाळायचं ताट घेऊन मांडवाच्या तोंडाशी उभी होती. तिनं मान वर केली. ताट तिच्या हातात तसंच राहिलं. कोणीतरी बाई म्हणाली, "काकी, आवाज तुमच्यावानीच हाये वो." सगळ्या हसल्या. व्याह्यांकडच्या बायांनी ताट काढून घेतलं आणि तिला मधे ओढलं. लग्नघरची आई नाचल्याशिवाय राहते होय? नवरदेवासमोर, व्याह्यांसमोर ती नाही म्हणू शकली नाही. तिनं हात वर केले आणि स्वतःच्या रडण्यावर पावलं टाकली. नाचताना तिनं गर्दीत उमेंद्रला शोधलं आणि गाणं संपेपर्यंत त्याच्याकडेच बघत राहिली.

उमेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिप्सीत, जंगलात, कुठेही झोपणाऱ्या त्या माणसाला त्या रात्री कूस बदलूनही डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर तो तिच्या अंगणात गेला. ती घासलेली गंजं, लग्नातली मोठी पातेली, उन्हात पालथी घालत होती.

"काकी, रातभर जागून जागून माह्या डोक्याचा भुसा झालता, मले समजलाच नाही का..."

"झोपीचा नाही विचारून राह्यली मी," ती म्हणाली. आवाज साधाच होता. "मी रडून राह्यली, हे तुले समजला होता का नाही?"

खोटं तोंडाशी तयार होतं. पण तिनं कालपासून ते गाणं मनात पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं असणार, हे त्याला तिच्याकडे बघून कळलं.

"समजला होता."

"मधे मधे माहा दम अटकला होता. गान्यात नाही तो."

"कापला मी."

सुभद्राबाईनं एक गंज पालथं घातलं, त्याच्या शेजारी दुसरं. तिनं शिव्या दिल्या असत्या, हातातलं गंज फेकून मारलं असतं, तर उमेंद्रला उपकार वाटले असते.

"घरी रडली का आचल रडे," ती म्हणाली. "म्हनून बांधीत रडत होती, कोनी नसला का. वाटे कोनाले आयकू नाही जात. तू आयकला. किती रात आयकला असशीन. अन् एक दिवस येऊन बसला नाही."

गाणं चोरलं, तिला जगासमोर नाचवलं, त्याची लाज तो कालपासून वागवत होता, तिच्यासाठी शब्दही जुळवून आला होता. ही दुसरी लाज त्याच्या ध्यानीमनी नव्हती. तो तिथेच अंगणात खाली बसला.

ती त्याच्याकडे न बघता उठली आणि पदराला हात पुसले.

"आता नको बसू गा," ती म्हणाली. "आता आचल बी गेली. आता मले रडायले आख्खा घर हाये."