आत्याचं राहिलेलं प्रकरण

रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण मी आधी वाचते. लोक हसतात, हसू देत.

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या घरी कोशाच्या रेशमाचा माग होता. बाबा विणलेलं कापड घेऊन भंडाऱ्याला जात आणि येताना वाचनालयातून माझ्यासाठी एक पुस्तक आणत. पुढच्या खेपेला ते परत जाई. त्या वेळी आलेल्या कादंबरीत सोळा वर्षांची एक पोरगी खुनाचा छडा लावत होती. मीही सोळाचीच, त्यामुळे मला तर पंखच फुटले. बाबांच्या थोरल्या बहिणीला, आत्याला, वाचता येत नव्हतं. रोज दुपारी मी तिला मोठ्यानं वाचून दाखवायची.

चरखा आत्याचा. मागासाठी कांड्यांवर, म्हणजे बारक्या नळ्यांवर, सूत भरायचं काम तिचंच. एका दुपारी बाबा बाजारात गेले होते. आत्या भाजी निवडायला बसली, म्हणून चरख्यावर मी बसले, पुस्तक मांडीवर उघडं ठेवून. गोष्टीतली पोरगी अंधाऱ्या गोदामात शिरली होती. अशा वेळी कोण सुताकडे बघतं?

बुधवारी बाबांचा माग थांबला. तयार होत आलेल्या साडीत बोटभर रुंदीचा फिका पट्टा उमटला होता. दोन वेगळ्या रंगांच्या लडी एकत्र भरल्या गेल्या होत्या. बाबांनी साडीवरून हात फिरवला आणि आत्याकडे पाहिलं.

"बाई, आता कांड्या भरू नोको. डोळ्यानं साजरं दिसत नाही तुले."

"असन माह्याकडूनच," आत्या म्हणाली.

बाबांनी चरखा उचलून कोपऱ्यात ठेवला. खरं सांगितलं असतं तर पुस्तक गेलं असतं, आणि दोनच प्रकरणं उरली होती. मला माझी लाज वाटत होती, तरी मी गप्प बसले.

गुरुवारी आत्या रिकाम्या हातांनी समोर बसली. मी वाचायला घेतलं. गोष्टीतली पोरगी म्हणाली, सगळ्यांनी काही ना काही विचारलं, एकानंच काहीच विचारलं नाही. नाव शेवटच्या प्रकरणात होतं. मी वाचता वाचता थांबले. आमच्या घरी त्या पट्ट्याबद्दल आईनं विचारलं, शेजारणीनं विचारलं. मी नाही.

"थांबली काहून? वाच."

"आत्या, त्या कांड्या मी भरल्या होत्या."

"मले मालूम आहे. माह्या हातात तर भाजी होती."

"मंग बाबाले सांगितलं काहून नाही?"

"पुस्तक राहून गेलं असतं ना, बाई."

मी उठले, मागाजवळ गेले आणि बाबांना सांगून टाकलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी चरखा आणून आत्यापुढे ठेवला, माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि भंडाऱ्याच्या पिशवीत टाकलं. सकाळी ते गेलं. पुढे मी मागवलं तेव्हा ते दुसऱ्या कोणी नेलं होतं आणि परत आलंच नव्हतं.

मला वाटलं, आत्या खूश होईल. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चरखा फिरवता फिरवता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "एक दिवस थांबता येत नव्हतं तुले?"