पेन मागितलं नाही

"नीट दाब की. उठतच नाहीये."

अण्णासाहेब ओटीवर खुर्चीत बसले होते. मी खाली अंगणात, उकिडवा. कागद मधल्या पायरीवर ठेवलेला, मजकूर घडीत आत, अंगठ्यापुरती जागा उघडी. शाईचा पॅड त्यांनी काठीच्या टोकाने माझ्याकडे सरकवला होता. तिसऱ्यांदा अंगठा टेकवला तरी नुसता काळा डाग उमटला. चुन्यात हात घालून घालून गवंड्याच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. माझ्या सत्ताविसाव्या वर्षीच गेल्या होत्या.

ते हसले. आत बायकोला ऐकू जाईल असं म्हणाले, "अगं, ह्याला तर अंगठासुद्धा नाही."

आतून आवाज आला, "तो कागद तासभर उन्हात ठेवा, मगच आत आणा."

मीही हसलो. आज सांगताना लाज वाटते. पण हसलो.

त्रेपन्न-चोपन्न साल असेल. घर ठाण्यात टेंभी नाक्याजवळ. अण्णासाहेब मुंबईला एका मोठ्या वकिलाच्या कचेरीत हेडक्लार्क होते. आम्ही महार, माजिवड्याच्या कडेला झोपडीत राहायचो. अस्पृश्यता कायद्याने संपली होती. त्या ओटीपर्यंत ते कुणी कळवलं नव्हतं.

आणि मला सही येत होती. चौथीपर्यंत शिकलो होतो, शाळेच्या दाराशी बसून. माझी पाटी-पुस्तकं घेण्यासाठी आईने लोकांचे गोठे झाडले. कागद वाचायला मला अडचण नव्हती. पण अण्णासाहेबांनी पॅड काढला तो मला न विचारताच. पेन त्यांच्या खिशाला होतं. मी मागितलं असतं तर ते बाटलं असतं. मग त्यांची चिडचिड, बाईंची धुण्याची खटपट, हातचं काम जायचं. म्हणून अंगठा पुढे केला. आमच्यात अशीच सवय होती, समोरच्याची अडचण होऊ नये म्हणून आपणच लहान व्हायचं. "काय लिहिलंय?" एवढंच विचारलं.

"काम कसं करायचं ते. तुला काय करायचंय?"

काम होतं मागच्या बाजूला नवं स्वयंपाकघर आणि एक खोली काढायचं. मला धंद्यातलं एवढं कळत होतं की कौलं बदलली, भिंत लिंपली तर ती दुरुस्ती. नवी खोली काढली तर नगरपालिकेची परवानगी लागते, आणि काम पुरं झालं की कळवावं लागतं. मग घरपट्टी वाढते. मी परवानगीचं विचारलं होतं. "ते माझ्याकडे लागलं. तू विटांचं बघ," म्हणाले होते.

दोन महिने बांधलं. बायको चुना मळायची, मी थर रचायचो. वास्तुशांतीच्या दिवशी मी घोटलेली जमीन त्यांनी गोमूत्राने धुतली. आम्ही दोघं कुंपणाबाहेर पत्रावळीवर जेवलो. जिलेबी होती. बायको म्हणाली, "मानसं चांगली हायेत."

पावसाळ्यानंतर समन्स आलं. विनापरवाना बांधकाम, आरोपी मी.

अण्णासाहेबांनी पुढे केलेला तो कागद कोर्टात वाचला गेला तेव्हा पहिल्यांदा मला कळलं मी कशावर अंगठा दिला होता. 'परवानगी काढणे, काम पुरे झाल्याची वर्दी देणे व कसूर झाल्यास दंड भरणे ही सर्व जबाबदारी गवंड्याची. मालकाने फक्त दुरुस्ती सांगितली असून जादा बांधकाम गवंड्याने आपल्या मर्जीने केले आहे.' माझ्या मर्जीने. मी माझ्या मर्जीने दुसऱ्याच्या घराला स्वयंपाकघर बांधलं होतं.

पुढची तारीख पडली. कोर्टाबाहेर झाडाखाली अर्ज लिहून देणारे एक म्हातारे गृहस्थ बसायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मनाने चांगले होते. म्हणाले, "अरे, सोपं आहे. सांग, मी अडाणी आहे. अडाण्याचा अंगठा घेतला तर कागद वाचून दाखवला होता हे त्यांना शाबीत करावं लागेल. साक्षीदार कुठे आहे त्यांच्याकडे? सुटशील तू. फक्त वाचता येतं म्हणून कुठे बोलू नकोस."

बायकोला हे पटलं. त्या रात्रीच नाही, रोजच म्हणत राहिली. चूल पेटवताना, पाणी भरताना. "एकदाच म्हना, येत न्हाई म्हनून. काय जातंय? दंड कुठनं भरनार? आत टाकलं तर पोरं काय खातील?" तिचं काहीच चुकत नव्हतं. मीही ठरवलं होतं. येत नाही म्हणायचं.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्हाला पायरी चढू का म्हणून विचारतं कोण? खेचूनच नेतात.

तारखेला अण्णासाहेब धुतलेला कोट घालून आले. मॅजिस्ट्रेटसाहेबांना म्हणाले, "मी त्याला शब्द न् शब्द वाचून दाखवला. ह्या लोकांना वाचता येत असतं तर एवढी तसदी कशाला घेतली असती?" आणि माझ्याकडे बघून हसले. ओटीवर हसले होते तसेच.

साहेबांनी मला विचारलं, "लिहिता-वाचता येतं?"

मागे बायको उभी होती. अर्जवाले गृहस्थ दारातून मान हलवून खुणावत होते, नाही म्हण. मला एकदम कळलं की मला बुडवणाऱ्यालाही मी अडाणी हवा आहे आणि वाचवणाऱ्यालाही. आणि मी स्वतःही तेच कबूल करायला आलोय. माझ्या आईचं शेण काढणं मी एका शब्दात पुसणार होतो.

"येतं," मी म्हणालो. "मराठी सगळं वाचतो. तो कागद मला कुणी दाखवला नाही, वाचूनही दाखवला नाही."

"मग अंगठा का दिलास? सही का नाही केली?"

"त्यांचं पेन बाटलं असतं, साहेब."

कुणीतरी मागे खोकलं. साहेब खाली बघून लिहीत म्हणाले, "वाचता येत होतं तर मागून घेऊन वाचायचं. हा बचाव होत नाही."

दंड, नाहीतर एक महिना. दंड भरायला नव्हता. महिना आत काढला. बायकोने थापी, ओळंबा, सगळी हत्यारं विकली आणि तान्ह्याला पाठीशी बांधून खाणीवर खडी फोडायला गेली. मी सुटून आलो तेव्हा पोर खोकत होतं. पुढे दोन महिन्यांनी गेलं. अण्णासाहेबांची खोली तशीच उभी राहिली.

बायको एकदाच बोलली. "तुमचं खरं झालं. माझ्या लेकराचं काय?"

ते मूल माझ्या खात्यावर आहे आणि अण्णासाहेबांच्याही. त्यांना ते ठाऊकसुद्धा नाही.

मी पुन्हा थापी घेतली. कल्याण-डोंबिवलीकडे नवी घरं उठत होती, तिकडे कामं धरली. कागद आला की हातात घेतो आणि सगळ्या बिगाऱ्यांना उभं करून मोठ्याने वाचतो, मालकाच्या तोंडावर. परवानगीचा कागद आधी मागतो. कितीजणांनी हाकललं, "कायदेवाला आला" म्हणून. कितीदा घरी चूल पेटली नाही. ज्या दारात मला खाली बसून कागद घ्यावा लागेल त्या दारात मी वीट ठेवत नाही. पोरं उपाशी झोपली तरी नाही.